चाकाखालचा जात्याचा दगड

आधीच सांगून ठेवते – माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. आमच्या घरात लिंबू-मिरची एकत्र आली ती फक्त लोणच्याच्या बरणीत. अमावास्येला मी केस धुतलेत, पिंपळाखाली बसून शेंगा खाल्ल्यात, आणि माझ्या अंगात आजवर तापाशिवाय काहीही आलेलं नाही. नातीने हा फोरम दाखवला, तुम्हा लोकांचे अनुभव वाचून दाखवले. निम्मे ऐकून मी हसले, खोटं कशाला बोलू? मग ती म्हणाली, "आजी, तुझी ती ट्रकची गोष्ट लिही ना." म्हणून लिहितेय. हसायचं असेल तर खुशाल हसा, पण शेवटपर्यंत वाचून हसा.

साठ सालानंतरची गोष्ट. आम्ही बंगळूरला, मल्लेश्वरमला राहत होतो. माझे यजमान वसंतराव एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. मी मूळची सातारची, सासर निपाणीचं. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई, एवढीच माणसं. सासूबाईंना मी आई म्हणायची. निपाणीच्या असल्यामुळे त्यांना मराठी आणि कन्नड दोन्ही घरचीच. ह्यांची शाळा बाहेरगावी झालेली, त्यामुळे ह्यांचं कन्नड जुजबीच, आणि माझं तर 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, यापुढे सरकलंच नव्हतं. भाजीवाल्याशी घासाघीस करायला तेवढं पुरायचं.

तर ह्यांनी लष्कराच्या लिलावातून एक जुना ट्रक घेतला. का? तर आईंना फिरवायला. आईंचे गुडघे गेलेले, बसमध्ये चढता येत नसे, आणि सासऱ्यांच्या हयातीत त्यांनी निपाणी ते कोल्हापूर एवढंच जग पाहिलेलं. हे म्हणाले, "आई जगाकडे जाऊ शकत नाही ना, मग आपण तिचं घरच चाकांवर ठेवू." कलासीपाळ्यातल्या एका सुताराला हाताशी धरून ह्यांनी ट्रकच्या मागच्या भागावर प्लायवूडची खोली उभी केली. आत फळ्यांची दोन बाकं, रात्री झोपायलाही तीच. एका कोपऱ्यात वातीचा स्टोव्ह, दुसऱ्या कोपऱ्यात देवाचा फोटो खिळ्याने पक्का ठोकलेला. दोन्ही बाजूंना गज लावलेल्या खिडक्या. मागे दार, आणि दाराला बाहेरून कडी – कारण माकडं. आईंना वर चढवायचं म्हणजे आधी स्टूल ठेवायचं, मग ह्यांनी वरून हात धरायचा आणि मी खालून आधार द्यायचा. एकदा त्या चढल्या की आमच्याशिवाय त्यांना उतरता येत नसे. मल्लेश्वरमचे शेजारी त्या ट्रकला 'फिरतं बिऱ्हाड' म्हणायचे. तोंडावर कौतुक, पाठीमागे हसणं. आपली माणसं सगळीकडे सारखीच.

शनिवारी अर्धा दिवस कारखाना झाला की आम्ही निघायचो. आता तुमच्या पिढीला हे कॅम्पिंग वगैरे फोनवर शोधता येतं. आम्हाला कोण सांगणार, कुठे फुकट राहता येईल? प्रवासी बंगल्यासाठी साहेबाची चिठ्ठी लागायची, देवळाच्या आवारात चूल चालत नसे. पण ह्यांनी एक युक्ती शोधून काढली होती. बैलगाड्या जिथे मुक्काम करतात ती जागा हेरायची. काळे पडलेले तीन दगड, वाळकं शेण, झाडाच्या बुंध्यावर दोरी घासल्याची खूण – हे दिसलं की समजायचं, इथे सावली आहे, जवळपास पाणी आहे आणि इथून कुणी कुणाला हाकलत नाही. तरीही आई गावातल्या कुणालातरी हाक मारून विचारायच्याच. "अण्णा, एक रात्र स्वल्प जागा पाहिजे होती." अण्णा आधी ट्रककडे बघायचा, मग आईंकडे, आणि म्हणायचा, "सरी." के. आर. पुरमच्या पुढे, होसकोट्याच्या रस्त्याला, नंदीच्या डोंगराच्या बाजूला... अशा कितीतरी जागा आमच्या झाल्या होत्या. निघताना जागा झाडून काढायची आणि जळणाची चार लाकडं मागून येणाऱ्यासाठी ठेवायची, हा आईंचा नियम.

आता ट्रकबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. त्याचा हँडब्रेक नावालाच होता. सुटे भाग कुठेच मिळेनात. गिअरमध्ये टाकून उभा केला तरी कधीकधी गिअर आपोआप सुटायचा. म्हणून थांबलं की मागच्या चाकांना दगड लावायचे, आणि ते काम माझं. ह्यांच्या कारखान्यात जड काही हलवायचं असलं की एकाने हाक द्यायची आणि दुसऱ्याने उत्तर दिल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही, अशी शिस्त होती. तीच ह्यांनी घरी आणली. हे स्टिअरिंगवरून ओरडायचे, "दगड?" मी मागून ओरडायची, "लावले." मगच ह्यांचा पाय ब्रेकवरून उठायचा. आईंना याची गंमत वाटायची. म्हणायच्या, "देवाला घंटा, तशी ही तुमची आरोळी."

तर त्या शनिवारी आम्ही बेळ्ळंदूरकडे गेलो. आज बेळ्ळंदूर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काचेच्या इमारती आणि ट्रॅफिक येत असेल. तेव्हा ते एक खेडं होतं – मोठं तळं, खाली भातशेती, मधूनमधून नारळाच्या बागा. मोठ्या तळ्याच्या अलीकडे एक लहानसं तळं होतं. त्याच्या बांधाजवळ चिंचेखाली आम्हाला गाड्यांच्या मुक्कामाची जागा सापडली. मी स्टोव्हवर आमटी ठेवली. तेवढ्यात ह्यांना वाटलं की पलीकडच्या झाडाखाली वारा जास्त आहे. आणि काही न सांगता-विचारता ट्रक सुरू करून पुढे घेतला की हो! आमटी आडवी. माझ्या पायावर, आईंच्या अंथरुणावर, देवाच्या फोटोवरसुद्धा.

आई तेव्हा खाली चटईवर बसल्या होत्या, त्यांना यातलं काही कळलं नाही. मी खाली उतरून, आवाज दाबून ह्यांना म्हटलं, "गाडी हलवताना विचारायला काय जीभ झिजते?" हे म्हणाले, "गाडीत आमटी ठेवताना तू विचारलं होतंस?" एकावरून दुसरं, दुसऱ्यावरून तिसरं. शेवटी हे म्हणाले, "मला कुणाच्या मदतीची गरज नाही, माझं मी बघून घेईन." मी म्हटलं, "बघा." आणि आमचा अबोला सुरू झाला.

आमचा अबोला म्हणजे शिस्तीतला अबोला होता. आईंना कळू द्यायचा नाही. त्यांच्यासमोर मी अगदी गोड आवाजात "अहो, चहा घेताय ना?" म्हणायची आणि हे "घेतो की" म्हणायचे. आई नजरेआड झाल्या की आम्ही दोघं म्हणजे दोन मुके दगड. आमच्या लग्नाला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती, त्यामुळे या खेळातही आम्हाला हुशारी वाटायची.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर ट्रक पाण्याजवळ न्यायचा, कारण आईंना खिडकीतून पाणी बघत बसायला आवडायचं. बांधावरून तळ्यात गुरं उतरवायची एक उतरती वाट होती. ह्यांनी ट्रक त्या वाटेवर मागे मागे घेतला. तोंड बांधाकडे, दार पाण्याकडे. इंजिन बंद झालं. हे "दगड?" म्हणाले नाहीत. मी मनात म्हटलं, काल म्हणालेत ना माझं मी बघेन, मग बघतायत. ह्यांनी मनात धरलं – हे नंतर कळलं – की ही रुसली असली तरी दगड लावल्याशिवाय राहायची नाही. ब्रेकवरून पाय काढल्यावर गिअरने ट्रक धरून ठेवला, त्यामुळे कुणालाच काही जाणवलं नाही. आई आत बसून वाती वळत होत्या. मी दाराला बाहेरून कडी घातली, चरवी घेतली आणि गावात दुधाला गेले. मला वाटलं, हे आहेत आईंपाशी. हे पुढच्या बाजूने उतरून नारळाच्या बागेतल्या विहिरीवर प्यायचं पाणी आणायला गेले. ह्यांना वाटलं, मी आहे. एरवी "जाऊन येते" म्हटल्याशिवाय मी शेजारच्या घरीसुद्धा जात नसे.

दूध घेऊन मी बांधावर आले. ऊन छान पडलं होतं. समोर पाहिलं तर ट्रक होता त्या जागी नाही. मग दिसला – खाली, पार खाली, पाण्याच्या तोंडाशी. मागची चाकं ओल्या मातीत, आणि दारापासून दोन हातांवर तळं सुरू. आणि तिथे तळं उथळ नव्हतं, हे मला आदल्या संध्याकाळी भांडी घासताना कळलं होतं. बाहेरून कडी. आत आई. मी कशी धावले ते मला आठवत नाही. चरवीतलं दूध मात्र सांडलं नव्हतं, ते नंतर पाहिलं.

कडी काढली तर आई बाकावर बसून वाती वळतायत! माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आलीस? ती गेली काय?"

"कोण, आई?"

"दगड लावला की तिनं. अग, गाडी आपली हळूहळू मागं चालली होती. मला वाटलं, वसंतानंच काढली. मी उठाय लागले तर खिडकीतनं म्हणाली, अक्का, एळबेडी. उठू नका म्हणाली. मग खाली धप्पकन वाजलं आणि गाडी थांबली."

"कशी होती?"

"तोंड नाही दिसलं. खिडकी उंच की नाही? गजावर हात ठेवला होता तेवढा दिसला. हिरव्या बांगड्या. आणि मनगटापर्यंत पीठच पीठ."

मी खाली वाकून बघितलं. मागच्या डाव्या चाकाखाली जात्याचा वरचा दगड होता. गोल, मधे धान्य टाकायचं तोंड, कडेला खुंट्याचं भोक. चाक त्याच्यावर अर्धवट चढून तिथेच अडलेलं. असा नेमका बसवलेला, जणू मोजून घडवलाय.

तेवढ्यात हे पाण्याचे डबे घेऊन बांधावर आले. वरूनच त्यांनी सगळं पाहिलं. डबे तिथेच टाकले, धावत खाली आले, आधी आत डोकावून आईंना पाहिलं आणि मग माझ्याकडे वळले. म्हणाले, "दगड?"

मी म्हटलं, "मला वाटलं, तुम्ही."

अबोला तिथेच संपला. हे चाकाला टेकून चिखलातच बसले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मी रडले. आई आतून म्हणाल्या, "काय झालं रे? दूध नासलं काय?"

मग आम्ही आधी दोन्ही चाकांना चांगले मोठे दगड लावले – मी लावले, ह्यांनी बघितले, मी "लावले" म्हटलं, ह्यांनी पुन्हा बघितले. ट्रक सुरू करून वर घेतला आणि सपाट जागी उभा केला. मग तो जात्याचा दगड बघायला परत खाली आलो. आता जे सांगते ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आईंच्या सांगण्यावरून नाही. त्या दगडाच्या खालच्या बाजूला टाकी लावून पाडलेल्या खाचांमध्ये पीठ होतं. नाचणीचं, ताजं, कोरडं. ह्यांनी बोटावर घेऊन बघितलं, वासही घेतला. खाली माती ओली, आणि पीठ कोरडं. दगड आम्ही दोघांनी मिळून उचलला तेव्हा कुठे हलला. आणि त्या मऊ मातीत पावलं होती ती माझी, ह्यांची आणि गुरांची. दगड ओढत आणल्याची खूण नव्हती, गाडीच्या चाकोऱ्या नव्हत्या.

हे इंजिनिअर. म्हणाले, "कोणीतरी बाई दळत असेल, तिने पाहिलं आणि धावली. सोपं आहे. तिला शोधू, पाया पडू आणि दगड परत देऊ. तिचं दळण अडलं असेल." मला ते पटलं. अजूनही त्यातलं अर्धं पटतं.

गाव म्हणजे थोडीशी घरं. आईंना ट्रकमधून उतरवून, दोन्ही बाजूंनी धरून आम्ही सोबत नेलं, कारण आम्हा दोघांना धड विचारता येईना. आईंनी एकेका दारात विचारलं. प्रत्येक घरातल्या बाईने आत नेऊन आपलं जातं दाखवलं. सगळी जाती जागेवर होती, वरचे-खालचे दगड शाबूत. तळ्यापासून सगळ्यात जवळचं घरसुद्धा बांधाच्या पलीकडे होतं. तिथून ती उतरती वाट दिसतच नाही. शेवटी गावच्या गौडांकडे, म्हणजे तिथल्या पाटलांकडे गेलो. म्हातारे गृहस्थ, ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आईंना काहीतरी समजावून सांगितलं. आईंनी आम्हाला सांगितलं ते असं – "ते म्हणतायत, जात्याला आम्ही पायसुद्धा लावत नाही. लागला तर नमस्कार करतो. चाकाखाली जातं घालणारी बाई या गावात जन्माला यायची आहे."

हे म्हणाले, "पण जीव वाचवायला?"

आईंनी विचारलं. गौडांनी हातातली सुपारी खाली ठेवली. मग म्हणाले की दगड चिंचेखाली ठेवून जा, ज्याचा असेल तो नेईल. कुठली बाई तळ्यात बुडाली होती, कुणाचा आत्मा फिरतो, असलं त्यांनी काहीही सांगितलं नाही. मी मुद्दाम विचारायला लावलं होतं. ते नाही म्हणाले. तुमच्यापैकी काहींची निराशा झाली असेल, पण नाही म्हणजे नाही.

दगड आम्ही चिंचेखाली ठेवला. त्यावर आईंनी हळद-कुंकू वाहिलं आणि माझ्याकडून एक भाकरी ठेववली. काही आठवड्यांनी पुन्हा गेलो तेव्हा दगड नव्हता. कुणी नेला असेल. चांगला दगड कोण सोडतं?

ह्यांनी नंतर कारखान्यातल्या सुताराकडून चाकांखाली लावायच्या लाकडी पाचरी करून घेतल्या, हँडब्रेकचा भागही कुठूनसा मिळवला. तरीसुद्धा "दगड?" आणि "लावले" काही सुटलं नाही. ट्रक विकेपर्यंत आम्ही भरपूर हिंडलो. भांडलोही भरपूर, त्यात खंड नाही. पण अबोला नाही धरला. एकाला फार राग आला तर दुसरा विचारायचा, "दगड?" आणि रागावलेल्याला हसू यायचं. निदान उत्तर तरी द्यावंच लागायचं.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती तुम्हाला सांगितली नसती. पीठ, दगड, सगळ्याला काहीतरी कारण असेल म्हणून सोडून दिलं असतं. पण बऱ्याच वर्षांनी आई शेवटच्या आजारात होत्या. मी त्यांचे पाय चेपत बसले होते. दुपारची वेळ, हे औषध आणायला गेलेले. आई अचानक म्हणाल्या, "त्या बेळ्ळंदूरच्या बाईनं आणिक एक सांगितलं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

मी म्हटलं, "काय?"

"गाडी थांबल्यावर मी विचारलं तिला, बाई ग, तू कुठनं आलीस? तर म्हणाली, अक्का, तुमची दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून मला दळण सोडून यावं लागलं."

मी पाय चेपायचं थांबवलं. विचारलं, "आई, तुम्हाला आमचा अबोला आधीच माहीत होता का?"

"मला काय ठाऊक? माझ्यासमोर तर तू 'अहो, चहा घेताय ना' म्हणत होतीस की."

आता यावर मी खूप विचार केलाय. आई हुशार होत्या. कदाचित त्यांना आमचं सोंग पहिल्या मिनिटाला कळलं असेल, आणि जाता जाता सुनेला एक धडा देऊन जावा म्हणून त्यांनी हे रचलं असेल. तसं असेल तर त्यांना माझा साष्टांग नमस्कार. पण मग तो दगड कोणी आणला? आईंनी? ज्यांना स्टुलाशिवाय उतरता येत नव्हतं, आणि कडी बाहेरून होती? आणि ते कोरडं पीठ? माझ्याकडे उत्तर नाही. ह्यांच्याकडेही नव्हतं, आणि उत्तर नसलेली गोष्ट ह्यांना आयुष्यभर टोचायची. ते तळंही आता नाही. बुजवून त्यावर इमारती उभ्या राहिल्यात. मुलाने एकदा गाडीतून दाखवलं होतं, मला ओळखू आलं नाही.

हे जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा मुलगा आणि सून मला डॉक्टरकडे घेऊन निघाले होते. दोघांचं काहीतरी बिनसलेलं. माझ्याशी दोघं छान बोलत होते, एकमेकांशी नाही. मला काही कळत नाही असं त्यांना वाटत होतं. दवाखान्यासमोरच्या चढावर मुलाने गाडी उभी केली. मी मागून विचारलं, "दगड?"

मुलगा म्हणाला, "आई, हँडब्रेक ओढलाय. ऑटोमॅटिक गाडी आहे."

मी म्हटलं, "मला नको सांगूस. तिला सांग."